आलेख सारखेच, आकडे वेगळे

२०१९च्या जूनमध्ये चार दिवसांच्या अंतराने दोन सौदे जाहीर झाले. ६ तारखेला गूगलने लुकर ही कंपनी २६० कोटी डॉलरना घेत असल्याचं सांगितलं आणि १० तारखेला सेल्सफोर्सने टॅब्लो ही कंपनी १,५७० कोटी डॉलरच्या शेअरांच्या बदल्यात घ्यायचं जाहीर केलं. बाजारात दोघींची ओळख एकच होती: धंद्यातल्या आकड्यांचे आलेख आणि डॅशबोर्ड करून देणारं सॉफ्टवेअर. त्या वेळी मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय माणशी महिना दहा डॉलरला मिळत होतं, आणि आलेख तयार करण्याचा त्याचा डेस्कटॉपवरचा भाग तर फुकटच होता. जे काम दहा डॉलरला होतं, त्यासाठी दोन बलाढ्य कंपन्या एवढा पैसा का ओततात? या प्रश्नाची नेहमीची उत्तरं ‘ग्राहकसंख्या’ आणि ‘क्लाउडची स्पर्धा’ अशी दिली जातात, आणि ती खोटीही नाहीत. पण कोणतं साधन घ्यावं या विवंचनेत असलेल्या कारखानदाराला किंवा पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला त्या उत्तरांचा उपयोग नाही. त्याच्या हातात तुलनेचा तक्ता असतो: कुणाकडे किती प्रकारचे आलेख, नकाशा आहे का, मोबाइलवर दिसतं का. माझं म्हणणं असं की हा तक्ताच चुकीचा प्रश्न विचारतो. आलेख काढण्यात ही साधनं जवळजवळ बरोबरीला आली आहेत. खरा फरक आलेखामागचा आकडा कुठे ठरतो, कोण ठरवतं आणि एकदा ठरल्यावर तो दुसऱ्याच्या हातून नकळत बदलू शकतो का, यात आहे.

आधी आलेखांचंच पाहू, कारण विक्रेत्यांचा सगळा जोर तिथे असतो. स्तंभालेख आणि रेषालेख धंद्याच्या आकड्यांसाठी वापरात आणले ते विल्यम प्लेफेअरने, १७८६ साली. पाय चार्टही त्याचाच, १८०१चा. त्यातला कोणता आलेख डोळ्यांना किती अचूक वाचता येतो, याची पद्धतशीर तपासणी १९८४ मध्ये बेल लॅब्जच्या विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी केली. एकाच मापपट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो. त्याखालोखाल लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ, आणि रंगाचा गडद-फिकेपणा अगदी शेवटी. म्हणजे ठिपके, स्तंभ आणि रेषा यांना तोड नाही. पाय चार्ट, फुगे आणि रंगीत चौकटींचे पट दिसायला झोकदार पण वाचायला कच्चे. १९८६ मध्ये जॉक मॅकिनले यांनी याच क्रमवारीच्या आधारे संगणकाने स्वतः योग्य आलेख निवडावा अशी प्रणाली मांडली, आणि पुढे टॅब्लोत जाऊन ‘शो मी’ या सोयीत ती कल्पना वापरली. आज दोन-चार रकाने निवडले की बहुतेक साधनं बरा आलेख आपणहून सुचवतात. धंद्यातल्या दहापैकी आठ प्रश्नांना स्तंभ आणि रेषा पुरतात, आणि त्या सगळ्यांकडे आहेत. तक्त्यातला ‘आलेखांचे प्रकार’ हा रकाना त्यामुळे निवडीच्या फारसा कामाचा राहत नाही.

फरक कळायचा तर प्रत्येक साधन कुठल्या घरात जन्मलं ते पाहावं लागतं. टॅब्लोचं मूळ स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘पोलारिस’ या संशोधनात आहे. पॅट हॅनरहन हे पिक्सारच्या रेंडरमॅन प्रणालीमुळे नावाजलेले संगणक-चित्रणाचे तज्ज्ञ; २०१९चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना एड कॅटमल यांच्याबरोबर मिळाला. त्यांनी आणि ख्रिस स्टोल्टे यांनी २००० साली मांडलेली कल्पना अशी की रकाना ओढून आडव्या किंवा उभ्या पट्टीवर टाकला की त्या कृतीतूनच डेटाबेसला विचारायची क्वेरी आणि पडद्यावरचं चित्र दोन्ही तयार व्हावीत. ख्रिश्चन शॅबो यांच्यासह २००३ मध्ये कंपनी निघाली. इथे केंद्रस्थानी आहे तो समोर बसून आकडे चाळणारा माणूस, आणि त्याच्या मनात येणारा पुढचा प्रश्न. पॉवर बीआयचं घर वेगळं. ते एक्सेलच्या पोटातून आलं. एक्सेल २०१० बरोबर पॉवर पिव्हट नावाची जोड आली. लाखो ओळी दाबून स्मृतीत ठेवणारं इंजिन आणि डॅक्स ही सूत्रभाषा तिच्यातच होती. जुलै २०१५ मध्ये पॉवर बीआय सर्वांसाठी खुलं झालं तेव्हा त्याच इंजिनावर आलेखांचा पडदा चढवलेला होता. त्यामुळे तिथे आधी तक्ते, त्यांची नाती आणि सूत्रं मांडावी लागतात, चित्र त्यानंतर.

स्वीडनमधल्या लुंड गावी १९९३ मध्ये सुरू झालेल्या क्लिक या कंपनीने तिसरीच वाट धरली. तिच्या क्लिकव्ह्यूत आणि नंतरच्या क्लिक सेन्समध्ये एखादा ग्राहक निवडला की तो हिरवा होतो, त्याच्याशी संबंध असलेल्या नोंदी पांढऱ्या राहतात, आणि ज्यांचा काहीच संबंध नाही त्या करड्या पडतात. या करड्या नोंदी फार बोलक्या असतात: या ग्राहकाने कोणता माल कधीच घेतला नाही, हे न विचारता दिसतं. चौथी तऱ्हा लुकरची. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला निघालेल्या या कंपनीने माहिती स्वतःकडे साठवायचंच नाकारलं. प्रत्येक प्रश्न थेट डेटाबेसला जातो, आणि ‘नफा’ म्हणजे काय, ‘ग्राहक’ कुणाला म्हणायचं, हे लुकएमएल नावाच्या भाषेत एकदाच लिहून ठेवतात. प्रोग्रामर आपल्या कोडची ठेवतात तशी त्या लिखाणातल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते: कुणी, कधी, काय बदललं. गूगलचं फुकट मिळणारं लुकर स्टुडिओ हे वेगळं प्रकरण आहे. ते आधी डेटा स्टुडिओ होतं, २०२२ मध्ये त्याचं नाव तेवढं बदललं. नाव सारखं म्हणून दोन्हींत गल्लत करणारे थोडे नाहीत.

या चार घरांतला फरक एका साध्या उदाहरणात पाहू. एका व्यापाऱ्याच्या तीन शाखा आहेत. पुण्याची विक्री ८० लाख आणि नफा १० टक्के. नाशिकची विक्री १५ लाख, नफा २० टक्के. कोल्हापूरची विक्री ५ लाख, नफा ३० टक्के. एकूण नफा किती टक्के? तिन्ही टक्क्यांची सरासरी काढली तर २० येते. पण रुपयांत नफा ८ लाख, ३ लाख आणि दीड लाख, म्हणजे एक कोटीवर साडेबारा लाख. खरा आकडा साडेबारा टक्के. दोन्ही आकड्यांचा आलेख तितकाच देखणा येतो, आणि डॅशबोर्डवर लाल-हिरवी खूण तितक्याच ठामपणे उमटते. टॅब्लोत कुणी प्रत्येक ओळीवर नफा भागिले विक्री करून त्याची सरासरी मागितली तर साधन मुकाट्याने ती देतं. एकूण नफ्याला एकूण विक्रीने भागायचं हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. पॉवर बीआयमध्ये हाच प्रश्न ‘ओळीओळीवर भरणारा रकाना करायचा की मेझर, म्हणजे निवडलेल्या सगळ्या ओळींवर चालणारं सूत्र’ या रूपात येतो. नव्या माणसाला रकाना सोपा वाटतो आणि तिथेच तो फसतो. लुकरमध्ये मेझर एकाने मॉडेलमध्ये लिहिलं की बाकीच्यांना ते नुसतं निवडता येतं. चूक तिथेही होऊ शकते, पण ती एकाच जागी होते आणि एकाच जागी दुरुस्त होते. टॅब्लोच्या वीस वर्कबुकांत विखुरलेली तीच चूक शोधायला आठवडे जातात.

दुसरं उदाहरण उधारीवर धंदा करणाऱ्या कुणालाही पटेल. एक लाखाचं एक बिल, त्याची वसुली दोन हप्त्यांत: ६० हजार आणि ४० हजार. बिलांचा तक्ता वसुलीच्या तक्त्याला सरळ जोडला की त्या बिलाच्या दोन ओळी होतात, प्रत्येकीवर एक लाख, आणि बेरीज दोन लाख. विक्री एका रात्रीत दुप्पट! टॅब्लोत कितीतरी वर्षं ही काळजी वापरणाऱ्यानेच घ्यायची होती. २०१५ साली हिशेब कोणत्या पातळीवर करायचा ते सांगणारी ‘लेव्हल ऑफ डिटेल’ सूत्रं आली, आणि २०२०च्या मध्याला तक्ते न मिसळता त्यांची नाती ठेवण्याची सोय आली, तेव्हा हा प्रश्न बराच सुटला. पॉवर बीआयमध्ये तक्ते वेगळे ठेवून नातं जोडलं तर बेरीज एक लाखच राहते. पण आयात करतानाच दोन्ही तक्ते एकत्र केले तर तिथेही दोन लाख. लुकरला प्रत्येक तक्त्याची प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा रकाना) आणि नात्याचा प्रकार सांगितला की तो दुहेरी मोजणी स्वतः टाळतो. क्लिक तक्ते जोडतो तो रकान्यांच्या नावांवरून. बिलाच्या तक्त्यात ‘तारीख’ आणि वसुलीच्या तक्त्यातही ‘तारीख’ असेल, तर बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख तो एकच समजून बसतो. त्यासाठी माहिती आत घेतानाच रकान्यांची नावं बदलावी लागतात. थोडक्यात, चूक टाळण्याची सोय चौघांकडे आहे. ती सोय आपोआप मिळते, शिकून मिळते की ठेच लागल्यावर मिळते, एवढाच फरक.

या गोष्टी खरेदीपूर्वीच्या प्रात्यक्षिकात दिसत नाहीत, आणि त्यालाही कारण आहे. टॅब्लोबरोबर ‘सुपरस्टोअर’ नावाच्या काल्पनिक दुकानाची नमुना माहिती येते. मायक्रोसॉफ्टच्या नमुन्यात ‘ॲडव्हेंचर वर्क्स’ ही काल्पनिक सायकल कंपनी असते. या दुकानांत क्रेडिट नोट उशिरा येत नाही, एकाच ग्राहकाची तीन स्पेलिंगं नसतात आणि जीएसटी धरून की सोडून असा वाद होत नाही. आपल्याकडच्या पेढीची माहिती मात्र टॅलीतून एक्सेलमध्ये काढलेली असते, अर्धी गोडाउनच्या वहीत असते आणि उरलेली मालकाच्या डोक्यात. त्यात आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. डॅक्समधलं वर्षारंभापासूनची बेरीज देणारं सूत्र वर्ष ३१ मार्चला संपतं हे सांगितलं नाही तर गुपचूप १ जानेवारीपासून मोजतं. टॅब्लोत तारखेच्या रकान्याला आर्थिक वर्षाचा पहिला महिना नेमून द्यावा लागतो. पॉवर बीआयचा आलेख आपणहून २५ लाखांना ‘२.५ एम’ म्हणतो. लाख-कोटी हवे असतील तर ते बसवावे लागतात. यातली एकही गोष्ट अशक्य नाही, पण प्रत्येक गोष्ट कुणीतरी मुद्दाम ठरवावी लागते. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. पोहरा कितीही चकचकीत असला तरी.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो इतिहासातूनच येतो. सगळ्या व्याख्या एका जागी कोंडण्याचा प्रयोग आधी होऊन गेला आहे. १९९० मध्ये फ्रान्समध्ये निघालेल्या बिझनेस ऑब्जेक्ट्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘युनिव्हर्स’ नावाचा असाच व्याख्यांचा थर होता. २००७ मध्ये सॅपने ती कंपनी आणि आयबीएमने कॉग्नॉस ही तशीच दुसरी कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं, तोवर मोठ्या कंपन्यांत चित्र असं झालं होतं की साधा नवा रिपोर्ट हवा तर आयटी खात्याकडे अर्ज करायचा आणि वाट पाहत बसायचं. टॅब्लो वाढलं ते या जाचाला कंटाळलेल्या विश्लेषकांमुळे. मग आता पुन्हा तीच बेडी पायात का घालायची? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निष्कर्ष वेगळा निघतो. लोक कंटाळले होते ते व्याख्यांना नव्हे, व्याख्या बदलायला लागणाऱ्या वेळेला. विक्री खात्याला ऑर्डर आल्या दिवशी विक्री मोजायची असते, हिशेब खात्याला बिल फाटल्यावर. दोघांचंही बरोबर आहे. दोन आकड्यांना दोन नावं आणि प्रत्येक नावामागे एक जबाबदार माणूस असला की झालं. भांडण लागतं ते एकाच नावाखाली दोन आकडे बैठकीत आल्यावर.

गंमत अशी की स्वतः विक्रेतेही याच दिशेने वळले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवर बीआयमधल्या ‘डेटासेट’चं नाव बदलून ‘सिमँटिक मॉडेल’, म्हणजे आकड्यांच्या अर्थाचं मॉडेल, असं केलं. टॅब्लोने २०१९ मध्ये साध्या इंग्रजीत प्रश्न विचारता येणारी ‘आस्क डेटा’ ही सोय आणली होती. २०२४च्या सुरुवातीला ती मागे घेतली आणि तिच्या जागी ‘पल्स’ आलं. पल्समध्ये आधी मेट्रिकची, म्हणजे मोजायच्या आकड्याची, व्याख्या करावी लागते आणि मगच साधन त्यातले चढउतार सांगतं. सप्टेंबर २०२५ मध्ये स्नोफ्लेक, सेल्सफोर्स, डीबीटी लॅब्ज आदी कंपन्यांनी व्याख्या एका साधनातून दुसऱ्यात नेता याव्यात म्हणून सामाईक मानकाचा उपक्रम जाहीर केला. ही गरज खरीच आहे. आज डॅक्समध्ये लिहिलेली शंभर सूत्रं टॅब्लोत उचलून नेता येत नाहीत, लुकएमएल दुसरीकडे चालत नाही, आणि साधन बदलायचं म्हणजे सगळं पुन्हा लिहायचं. ग्राहक अडकतो तो आलेखांत नव्हे, या सूत्रांत. जून २०१९च्या त्या सौद्यांत एवढा पैसा का ओतला गेला, याचं माझ्या मते हे एक मोठं कारण आहे.

दुसरा आक्षेप आजचा: आता एआय आलं आहे, माणूस बोलेल आणि यंत्र आकडा देईल, तेव्हा ही व्याख्यांची पीठिका कशाला? उत्तर वरच्या तीन शाखांतच आहे. ‘सरासरी नफा किती?’ या प्रश्नाला २० आणि साडेबारा ही दोन्ही उत्तरं शुद्ध भाषेत, आत्मविश्वासाने देता येतात. माणूस चुकला तर सूत्र उघडून पाहता येतं. यंत्राने दर वेळी नवं सूत्र रचलं तर सोमवारचा आणि मंगळवारचा आकडा जुळण्याचीही हमी नाही. व्याख्या पक्की असेल तर एआय ती शोधून वापरतं आणि वेळ वाचवतं. ती नसेल तर गोंधळ तेवढा जलद होतो.

तिसरा आक्षेप किमतीचा, आणि लहान धंद्याला तो सर्वांत जवळचा. त्याचा हिशेब मांडूनच बोलावं. दोनशे माणसांची कंपनी, त्यात आलेख तयार करणारे दहा आणि पाहणारे एकशे नव्वद. पॉवर बीआय प्रोचा दर एप्रिल २०२५ पासून दहावरून चौदा डॉलर झाला. छोट्या रचनेत पाहणाऱ्यालाही प्रो परवाना लागतो, म्हणजे महिना २,८०० डॉलर. टॅब्लोचे मूळ श्रेणीतले जाहीर दर करणाऱ्याला ७५ आणि नुसत्या पाहणाऱ्याला १५ डॉलर. हिशेब ३,६०० डॉलर. ७५ विरुद्ध १४ पाहून डोळे विस्फारतात, तेवढं अंतर प्रत्यक्षात उरत नाही. आधीच मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ई-फाइव्ह योजना घेतलेल्या कंपनीला प्रो त्यातच मिळतो. तिथे प्रश्नच मिटतो. मेटाबेस आणि एअरबीएनबीत जन्मलेलं ॲपाची सुपरसेट ही मुक्त साधनं परवान्याला फुकट आहेत, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस फुकट नाही. चेन्नईच्या झोहोचं ॲनालिटिक्सही लहान पेढ्यांच्या आवाक्यात आहे. किंमत महत्त्वाची आहेच. मात्र परवान्याच्या बिलाशेजारी चुकीच्या आकड्यावर घेतलेल्या एका निर्णयाचं बिल ठेवून पाहावं.

मग एक्सेलच का नको? जिथे माहिती थोडी, माणूस एक आणि व्याख्याही त्याचीच, तिथे एक्सेल उत्तम आहे. पण त्याची मर्यादा इंग्लंडने २०२० मध्ये जगाला दाखवली. जुन्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांचे निकाल तशा फाइलींतून पुढे सरकत होते, आणि करोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी दैनंदिन आकड्यातून गळाल्या. रोजच्या आलेखाची रेषा कुठेही तुटली नव्हती. नोंदी नव्हत्या हे रेषेवरून कळणार तरी कसं?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. प्रत्येक काम ठरलेल्या आकड्यांचं नसतं. पत्रकार, संशोधक, नवा बाजार चाचपणारी कंपनी यांना आधी काय विचारायचं तेच ठाऊक नसतं. त्यांना मोकळेपणा हवा, आणि त्या कामात टॅब्लोच्या हाताला जी सहजता आहे ती इतरांत मला दिसत नाही. प्रसिद्ध करायच्या माहितीसाठी टॅब्लो पब्लिक फुकटही आहे. काय घडत नाही हे शोधायचं असेल तर क्लिकच्या करड्या नोंदी उपयोगी पडतात. ज्यांचं सगळं काम विंडोज, एक्सेल आणि आउटलुकवर चालतं आणि महिन्याचा एमआयएस अहवाल वेळेवर हवा, त्यांनी पॉवर बीआय घ्यावं आणि सूत्रं नीट लिहिणारा एक माणूस तयार करावा. ज्यांची माहिती आधीच क्लाउडवरच्या डेटाबेसात आहे आणि पदरी प्रोग्रामर आहेत, त्यांनी लुकरचा विचार करावा. लहान पेढीने तर यातलं काहीही घेण्याआधी आपल्या सीएसोबत बसून विक्री, नफा, येणं, साठा आणि चालू ग्राहक एवढ्या पाच आकड्यांच्या व्याख्या कागदावर लिहाव्यात. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि मग विक्रेत्याला बोलावून त्याचं सुपरस्टोअर बाजूला ठेवायला सांगावं. आपली तीन महिन्यांची खरी माहिती द्यावी, परत आलेल्या मालासकट आणि हप्त्यांनी फिटलेल्या बिलांसकट. तिन्ही शाखांचा एकत्रित नफा विचारावा, एप्रिलपासूनची विक्री विचारावी आणि दोन्ही आकडे आपल्या खतावणीशी ताडून पाहावेत. मग व्याख्येत एक बदल सांगावा आणि तो किती ठिकाणी करावा लागतो ते मोजावं. जे साधन खतावणीशी जुळेल आणि बदल एकाच जागी करू देईल ते घ्यावं. त्याचा स्तंभालेख शेजारच्यापेक्षा थोडा साधा दिसला म्हणून धंद्याचं काही बिघडत नाही.